व्हॅक्यूम क्लीनर घेण्याआधी त्याच्या मागे जाऊन उभ्या राहा

*"ताई, नमस्कार. आम्ही मनीषनगरला राहतो. माझा मुलगा ९ वर्षांचा आहे. सकाळी उठला की १५-२० शिंका, नाक गळणं, डोळे चोळणं, हे वर्षभर चालू असतं. डॉक्टरांनी टेस्ट करून धुळीतल्या किड्यांची ॲलर्जी असल्याचं सांगितलं, नाकात मारायचा स्प्रे दिला आणि घरातली धूळ कमी करा म्हणाले. परवा दिवाळीची साफसफाई काढली तर पोराने रात्र बसून काढली. आता व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचाच असं ठरवलंय. बजेट १५,००० रुपये. यजमान म्हणतात, सगळ्यात जास्त वॅटचा घे. शेजारच्या काकू म्हणतात, पाण्याचा घे, धूळ पाण्यात बुडते. भाऊ पुण्याहून रोबोटच्या लिंका पाठवतोय. आणि सासूबाई म्हणतात, आमच्या शिराईनं काय घोडं मारलंय? दिवाळीची ऑफर आठ दिवसांत संपते. काय घेऊ?"*
*– धुळीला कंटाळलेली आई, नागपूर*

आधी ती आठ दिवसांची ऑफर डोक्यातून काढून टाका. ती दसऱ्याला होती, आता दिवाळीला आहे, डिसेंबरात 'इयर एंड' म्हणून येईल आणि पाडव्याला पुन्हा दारात हजर. दुकानदाराची घाई ती आपली घाई नव्हे.

मीही तुमच्या लेकाच्याच पंथातली. धुळीची ॲलर्जी घेऊन याच शहरात पन्नाशी ओलांडली, आणि व्हॅक्यूम क्लीनर घेताना जी चूक करता येते ती करून बसले आहे. तीच आधी सांगते.

पहिलं मशीन मी सीताबर्डीवरच्या एका दुकानातून आणलं. दुकानदाराने नळीच्या तोंडाला जाडजूड कॅटलॉग चिकटवून वर उचलून दाखवला. "मॅडम, बिनधास्त न्या, २२०० वॅटचा हाये!" मी भाळले. घरी आणून गादीवर फिरवलं, तर त्याच्या पारदर्शक डब्यात करड्या रंगाचा नमद्यासारखा गोळा जमला. इतकी घाण आपण अंगाखाली घेऊन झोपत होतो, या विचाराने अंगावर काटा आला आणि मशीनबद्दल आदरही वाटला. मग तो डबा रिकामा करायला बाल्कनीत गेले. पिशवीच्या तोंडावर धरून खालचं झाकण उघडलं, आणि नेमकी तेव्हाच वाऱ्याची झुळूक आली. केसात, पापण्यांवर, नाकात, सगळीकडे तोच नमदा. त्या रात्री माझ्या शिंकांनी घरात कुणाचाच डोळा लागला नाही.

पण खरी अक्कल आली ती महिनाभराने. संध्याकाळची वेळ होती, पश्चिमेच्या खिडकीतून तिरपं ऊन आत आलं होतं आणि मी मशीन चालवत होते. सहज मागे वळून पाहिलं, तर मशीनच्या पाठीतून उन्हाच्या त्या पट्ट्यात धुळीचा झोत वर चढत होता, उदबत्तीच्या धुरासारखा. पुढून ओढलेलं बारीक ते सगळं मागून पुन्हा खोलीत. व्हॅक्यूम लावला की खोलीला एक धुळकट वास यायचा, तो मला स्वच्छतेचा वास वाटत असे. तो या झोताचा वास होता.

तेव्हापासून माझी अट एकच. मशीन किती ओढतं हे दुकानदार सांगतोच. ते मागून काय सोडतं, हे आपण बघायचं.

आता हे किडे म्हणजे काय, ते थोडक्यात समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. हे ढेकूण नव्हेत, पिसवाही नव्हेत. चावत नाहीत. पाव मिलिमीटरच्या आसपास लांबीचे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव. आपल्या अंगावरून रोज झडणारा कातडीचा कोंडा हे त्यांचं अन्न, म्हणून ते गादीत, उशीत, सोफ्यात राहतात. घरच्या धुळीतली ॲलर्जी मुख्यतः यांच्यामुळे होते हे नेदरलँडच्या संशोधकांनी १९६४ साली दाखवलं. तुमच्या मुलाला त्रास होतो तो प्रामुख्याने त्यांच्या विष्ठेचा. तिचे कण १० ते ४० मायक्रॉनचे असतात आणि सुकून त्यांचे आणखी बारीक तुकडे होतात. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. आणखी एक, जिवंत किडे कापडाच्या धाग्यांना पायांनी घट्ट धरून बसतात. व्हॅक्यूमने ते फारसे निघत नाहीत. निघते ती त्यांची विष्ठा, मेलेल्यांची टरफलं आणि त्यांचा खाऊ. तेव्हा 'सगळे किडे खेचून काढतो' असं जो सांगेल, त्याच्याकडे जरा संशयानेच बघा. निळा दिवा लावून गादीवर फिरवायची छोटी मशीन्स मिळतात, त्यांचंही तेच. त्या दिव्याच्या किरणांनी काही मारायचं तर एका जागी बराच वेळ धरावं लागतं. फिरवत नेलं तर नुसती रोषणाई, आणि ती दिवाळीत तशीही असते.

मग मशीनमध्ये बघायचं काय? फिल्टर, आणि फिल्टरपेक्षाही त्याच्या कडा.

खोक्यावर 'हेपा', म्हणजे अगदी बारीक धूळ अडवणारा फिल्टर, हा शब्द मोठ्या अक्षरात असतो. त्याच्या शेजारी काय लिहिलंय ते वाचा. एच-१३ दर्जाच्या फिल्टरमध्ये, पकडायला सगळ्यात अवघड अशा आकाराचे, म्हणजे ०.३ मायक्रॉनच्या आतबाहेरचे १०,००० कण शिरले तर जास्तीत जास्त ५ निसटतात. १२ नंबरच्या फिल्टरमधून ५० आणि ११ मधून ५००. 'हेपा टाइप', 'हेपा लाइक', 'हेपासारखा' असं काही लिहिलं असेल तर तो शब्द कुठल्याच मापाला बांधलेला नाही. साजूक तुपाच्या डब्यावर 'तुपासारखं' लिहावं तसं ते.

पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. श्रीखंडाचा चक्का बांधताना फडकं कितीही दाट घ्या, गाठ सैल राहिली की बाजूने ओघळणारच. मशीनचंही तसंच. फिल्टर एच-१३ आहे, पण झाकणाला रबराची कडा नाही, नळी डब्यात सैल बसते, प्लास्टिकचे दोन भाग जिथे जुळतात तिथे फट आहे, तर हवा फिल्टरच्या वाटेने कशाला जाईल? ती फटीतून जाईल. माझ्या मते चांगल्या रबरी कडांचं १२ नंबरवालं मशीन, सैल झाकणाच्या एच-१३ वाल्यापेक्षा बरं. झाकण उघडून कडेवरून बोट फिरवा, रबर सलग आहे का, लावताना 'टक्' असा आवाज होऊन घट्ट बसतं का, बघा. आणि हेपा मोटरच्या नंतर, हवा बाहेर पडते त्या तोंडाशी आहे ना, हे विचारा. मोटरमधले कार्बन ब्रश झिजतात, त्यांची काळी भुकटीही त्याच वाटेने बाहेर येते.

एक प्रयोग सांगते, दुकानात करू दिला तर उत्तम. मशीन टेबलावर ठेवायचं, खाली नाही, नाहीतर त्याच्या वाऱ्याने फरशीवरचीच धूळ उडेल आणि आपण उगाच मशीनला दोष देऊ. दिवे घालवायचे. कपाटाच्या डोक्यावरची धूळ ओढायची (दुकानात ती शोधावी लागत नाही) आणि मागच्या जाळीसमोर मोबाइलचा टॉर्च आडवा धरायचा. प्रकाशात कण नाचताना दिसले की नमस्कार करून पुढच्या दुकानात. ऑनलाइन मागवलं तर हाच प्रयोग पहिल्या दिवशी करा, परत करायची मुदत संपायच्या आत.

दुसरी गोष्ट पिशवीची. ॲलर्जीच्या घरात मला बिनपिशवीचं मशीन पटत नाही. बाल्कनीतली माझी कथा तुम्ही वाचलीच आहे. आत फेकून द्यायची पिशवी असलेलं मशीन घ्या. कागदापेक्षा न विणलेल्या, चार-पाच पदरी कापडासारख्या पिशव्या धूळ जास्त धरून ठेवतात. तोंडाला झाकण असेल तर सोन्याहून पिवळं, बाहेर काढताना तोंड आपोआप बंद. पिशवी पाऊण भरायच्या आत बदलायची, कारण भरत गेली की ओढ कमी होते. मात्र काही स्वस्त मशीनसोबत धुवून वापरायची कापडी पिशवी येते, तिला भुलू नका. ती झटकावी लागते, आणि झटकणं हाच तर आपला प्रॉब्लेम आहे.

घेण्याआधी दुकानदाराला एवढं जरूर विचारा: याच्या पिशव्या नागपुरात मिळतात का, केवढ्याला, आणि हेपा केवढ्याला? वर्षाला सात-आठ पिशव्या आणि एक फिल्टर असा हिशेब करून मशीनच्या किमतीत मिळवा. "मिळून जाते ना मॅडम" हे उत्तर नव्हे. शेल्फवरून काढून हातात द्यायला लावा. १५,००० मध्ये पिशवीचं चांगलं मशीन मिळालंच नाही आणि बिनपिशवीचं घ्यावं लागलं, तर डबा रिकामा करायचं काम ज्याला ॲलर्जी नाही त्याचं. आख्खा डबाच मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा, तोंड मनगटाभोवती आवळायचं, आत उघडायचा, थोडं थांबायचं, मग बाहेर काढायचा. तोंडाला मास्क. आणि वारा बघून!

आता तुमच्या चार सल्लागारांकडे येऊ.

यजमानांना सांगा, गाडी किती पेट्रोल पिते यावरून ती किती पळते हे कळत नाही, तसं वॅटवरून ओढ कळत नाही. वॅट हा विजेचा खर्च. युरोपियन युनियनने तर २०१४ मध्ये १६०० आणि २०१७ मध्ये ९०० वॅटच्या वरच्या घरगुती व्हॅक्यूम क्लीनरची विक्रीच बंद केली. तिथल्या भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचे असलेल्या घरांचं ९०० वॅटमध्ये भागतं. आपल्या टाइल्सच्या फ्लॅटला २२०० कशाला? ओढ बघायची ती किलोपास्कलमध्ये. चाकं आणि लांब नळी असलेल्या मशीनला १८-२० किलोपास्कल असली की गादी-सोफ्याला पुरते.

काकूंना दुखवू नका, पण त्यांचं अर्धंच खरं आहे. जाड धूळ पाण्यात बुडते. बारीक धूळ हवेच्या बुडबुड्यात बसून पाण्यातून सुखरूप पार होते, म्हणून पाण्याच्या मशीनलाही मागे फिल्टर लागतोच. शिवाय दर वेळी तो गाळ ओतायचा, टाकी धुवायची, पूर्ण वाळवायची, तीही त्याच दिवशी. एकदा 'उद्या बघू' म्हणून ठेवलं की बुरशी, आणि ती पुढच्या वेळी तुम्हीच खोलीत फुंकणार. काकूंचा उत्साह तुमच्यात असेल तर घ्या. माझ्यात नाही.

भावाचा रोबोट मला आवडतो, खोटं कशाला बोलू. पलंगाखाली रोज फिरून येतो, आपल्याला वाकावं लागत नाही. पण तो गादीवर चढत नाही, आणि तुमचं दुखणं गादीत आहे. त्याचा डबाही टीचभर, रोज रिकामा करायचा. आणि जाहिरातीतल्या आकड्यांनी गांगरू नका. रोबोटची ओढ पास्कलमध्ये लिहितात, म्हणून '५००० पास्कल' भलतंच मोठं वाटतं. ते झाले ५ किलोपास्कल. चाकं-नळीच्या मशीनचे २० किलोपास्कल म्हणजे २०,०००. पुढच्या वर्षी भाऊबीजेला भावाकडूनच घ्या. हातात धरायच्या बिनवायरच्या काठीचंही असंच. सोयीची खरी, पण पूर्ण जोरावर लावली की गादीची दुसरी बाजू होईतो बॅटरी मान टाकते.

राहिल्या सासूबाई. चौघांत मला त्यांचंच जास्त पटलं, फक्त शिराई सोडून. कोरड्या शिराईने धूळ जागेवरून उठते, तासभर तरंगते आणि परत बसते. लक्ष्मीपूजनाला नवी आणा, हळदकुंकू वाहा. पण मुलाच्या खोलीत आधी ओला पोछा. गुळगुळीत टाइल्सवर ओला पोछा जे काम करतो ते बरीच मशीन्स करत नाहीत. कपाटं, खिडकीच्या कडा, पंख्याची पाती यांनाही कोरडं फडकं नको, ओलं. तेव्हा तुमच्या घरात व्हॅक्यूम फरशीसाठी नाहीच. तो गादी, सोफा, पडदे आणि पलंगाच्या फटींसाठी. म्हणून खोक्यात सोफ्याचा रुंद ब्रश आणि फटीत जाणारी चपटी नळी आहे ना, ते बघा. गादीसाठी फिरणारा ब्रश मिळाला तर आणखी बरं.

आता गादी. मुलगा २४ तासांतले ८-९ तास नाक गादीला टेकवून असतो. सकाळी उठल्या उठल्या शिंका येतात त्या म्हणूनच. त्यामुळे १५,००० पैकी पहिला खर्च मशीनवर करू नका. गादीला आणि उशीला चारी बाजूंनी बंद होणारी, झिपची, घट्ट विणीची खोळ शिवून किंवा विकत घ्या. रेक्झीनची करकरणारी नको, पोरगं घामाने भिजेल आणि दोन दिवसांत काढून फेकेल. कापडच हवं, पण विणीतली भोकं १० मायक्रॉनपेक्षा लहान असलेलं. 'डस्ट माइट कव्हर' म्हणून विकतात. किडे आणि त्यांची घाण आत कोंडली गेली की अर्धं काम झालं. वरची चादर आणि उशीचा अभ्रा दर आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात. कोमट पाण्याने किडे मरत नाहीत, नुसती आंघोळ होते.

खोळ घालण्याआधी मात्र गादीला ऊन दाखवा, आणि यात आपल्याइतकं नशीबवान शहर दुसरं नाही. आपण नागपूरकर उन्हाला वर्षभर शिव्या घालतो, पण पापड-कुरडयांचं आणि गाद्यांचं भलं तेच करतं. हे किडे पाणी पीत नाहीत. हवेतला ओलावा अंगाने शोषून जगतात. हवा सतत ५० टक्क्यांपेक्षा कोरडी राहिली की हळूहळू वाळून मरतात. पावसाळ्याचे चार महिने त्यांच्या मजेचे, म्हणून दिवाळीच्या सुमारास घरातला साठा भरपूर असतो आणि नेमकी तेव्हाच आपण साफसफाई काढतो. तुमच्या मुलाची ती रात्र अशी गेली. आत्ता ऑक्टोबरचं ऊन कडक आहे. कापसाची गादी सकाळी १० ला गच्चीवर टाका, दुपारी उलटा, ४ ला उचला. तिथेच काठीने झोडपा (मुलगा शाळेत असताना), मग आत आणून दोन्ही बाजूंनी व्हॅक्यूम करा. ऊन किडे मारतं, त्यांची घाण काही नाहीशी करत नाही. ते काम मशीनचं. फोमची किंवा लॅटेक्सची गादी असेल तर कडक उन्हात टाकू नका, तडकते. भिंतीला उभी टेकवून पंखा लावा. कापसाची गादी पिंजून घ्यायची असेल तर घराबाहेर, लांब. आणि थंडी पडली की पेटीतली ब्लँकेटं थेट पोराच्या अंगावर जातात, तसं करू नका. वर्षभर बंद राहिलेल्या त्या लोकरीला आधी दोन दिवस ऊन द्या.

मग उन्हाळ्यात तर नागपुरात एकही किडा उरायला नको, नाही का? ४५ अंश, दुपारची हवा पापडासारखी कोरडी. पण आपण काय करतो? मार्चअखेर कूलर लावतो. ओल्या ताट्यांमधून येणारी हवा रात्रभर बंद खोलीत सोडतो, चादर सकाळी हाताला दमट लागते, आणि बाहेर वाळून मेले असते त्या जिवांना आपणच घरात पाणपोई घालून देतो. त्यात कूलर बाहेरची धूळही आत ओढतो, जुन्या ताट्यांवरची बुरशी वेगळी. मी कूलर बंद करा म्हणणार नाही, मीही इथेच राहते. पण समोरची खिडकी किंवा दार उघडं असलं पाहिजे, म्हणजे ओली हवा बाहेर जाईल. मुलाच्या पलंगावर थेट झोत नको. दर आठवड्याला टाकी रिकामी करून घासायची, ताट्या दर मोसमाला नव्या. पहाटे तासभर आधी पंप बंद करून नुसता पंखा चालू ठेवला तर खोली सुकते. गेल्या मोसमातल्या ताट्या अजून कूलरमध्येच असतील, तर आजच काढून फेका. त्या कूलरसकट व्हरांड्यात झाकून ठेवायची आपल्याकडे फार वाईट खोड आहे.

सिमेंटचे रस्ते, तुमच्या भागातली बांधकामं, वीज केंद्रांकडून येणारी राख, रिकाम्या प्लॉटवरचं गाजरगवत, हे सगळं नाकाला खुपतंच. पण त्याला व्हॅक्यूमचं उत्तर नाही, दुपारी खिडक्या बंद ठेवणं एवढंच.

मशीन आल्यावर चालवायचं कसं? मुलगा घरात नसताना, खिडक्या उघड्या टाकून. कितीही चांगलं मशीन असलं तरी ब्रश फिरतो तिथे थोडी धूळ उठतेच. किड्यांच्या विष्ठेचे कण जड असल्याने अर्ध्या-पाऊण तासात खाली बसतात, मग ओला पोछा. याच कारणाने हवा शुद्ध करणाऱ्या मशीनवर तुमचे पैसे घालू नका. हवेत फार वेळ न राहणाऱ्या गोष्टीला ते पकडणार कसं? गादीवर ब्रश सावकाश ओढा, मुंगी चालते तसा. आपल्याला झाडू मारायच्या वेगाची सवय असते, त्या वेगाने काही निघत नाही. आठवड्यातून एकदा गादी-सोफा पुरे. हे काम कामवाल्या मावशी करणार असतील तर मास्क त्यांनाही द्या. धूळ त्यांच्याही नाकात जाते, त्यांना आपण डॉक्टरकडे नेत नाही एवढंच. धुता येणारा फिल्टर असेल तर धुतल्यावर सावलीत पूर्ण २४ तास वाळू द्या. ओला बसवला की बुरशी.

पैशांचं म्हणाल तर खोळी आणि उशीचे अभ्रे आधी. एक-दोन हजार पिशव्या आणि फिल्टरसाठी वेगळे. उरतील त्यात चाकांचं, पिशवीचं, मागे एच-१३ असलेलं, रबरी कडांचं मशीन, १०००-१४०० वॅटचं, ज्याची सर्व्हिस नागपुरात आहे. नव्या मॉडेलचा हट्ट नको.

आणि स्प्रे बंद करू नका. व्हॅक्यूम आणला म्हणून औषध थांबवणारी घरं मी पाहिली आहेत. नाकातला स्प्रे रोज मारला तरच काही दिवसांनी काम करायला लागतो. शिंक आली की मारायचा तो नव्हे. रात्री खोकला येत असेल, छातीत शिट्टी वाजत असेल, खेळताना दम लागत असेल, तर माझ्या पत्राची वाट न बघता डॉक्टरांकडे जा, कारण मग ते नाकापुरतं राहिलेलं नसतं. धूळ आवरून, औषध घेऊनही भागलं नाही तर ॲलर्जीची लस किंवा जिभेखाली घ्यायचे थेंब असतात. तीन ते पाच वर्षं चालणारा उपचार आहे, त्याबद्दल त्यांनाच विचारा.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नव्हती, पण ९ वर्षांच्या मुलाच्या पलंगावर ती असतेच, म्हणून सांगते. टेडी. त्याला फेकू नका, घरात रामायण होईल. प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये एक दिवस ठेवा, किडे मरतात, मग धुऊन उन्हात टांगा. महिन्यातून एकदा. मुलाला आधी सांगून ठेवा मात्र. माझ्या भाचीने आइस्क्रीम काढायला फ्रीजर उघडला आणि आत बसलेलं अस्वल बघून जी किंचाळली, ती शेजारच्या फ्लॅटपर्यंत ऐकू गेली.

ता. क. – दुकानात जाण्याआधी मुलाच्या खोलीतला प्लग बघून घ्या. साधा छोटा प्लग ६ अँपिअरचा असतो, म्हणजे २३० व्होल्टला १३८० वॅटपर्यंत. त्याहून जास्त वॅटच्या मशीनला गीझर-एसीसारखा मोठा १६ अँपिअरचा प्लग लागतो, तो बहुतेक घरांत गादीपासून दोन खोल्या लांब असतो. मशीनची वायर साधारण ५ मीटर. टेप घेऊन मोजा, आणि तो आकडा कागदावर लिहून यजमानांच्या खिशात घाला.